हात गळ्यापर्यंत गेला असेल तर आधी काय करायचं

वाचकाचं पत्र, थोडक्यात: «माझे पती सैन्यात हवालदार आहेत. लग्नाला नऊ वर्षं झाली. मुलगी सात वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा. दोन वर्षं फील्डमध्ये काढल्यावर त्यांना फॅमिली स्टेशन, म्हणजे कुटुंब सोबत ठेवता येईल अशी नेमणूक, मिळालं म्हणून मी शाळेतली नोकरी सोडली आणि मुलांना घेऊन महाराष्ट्राबाहेर क्वार्टरमध्ये आले. आल्यापासून त्यांची चिडचिड वाढली आहे. गार्ड, इन्स्पेक्शन, रजा नामंजूर होणं, सगळ्याचा राग घरात निघतो. आधी आरडाओरडा, मग चापट. बारा दिवसांपूर्वी पैशांवरून वाद झाला तेव्हा त्यांनी माझा गळा दाबला. दुसऱ्या दिवशी रडून माफी मागितली आणि म्हणाले, 'गार्डवर असताना एक दिवस माझीच बातमी येईल.' सासूबाई म्हणतात, फौजी माणसाला ताण असतो, समजून घे. शेजारची वहिनी म्हणते, सीओ (युनिटचे कमांडिंग ऑफिसर) साहेबांकडे गेलीस तर त्यांचं प्रमोशन जाईल आणि क्वार्टरही जाईल. त्यांचा ताण कमी व्हावा म्हणून मी काय करू?»

ताई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देणार आहोत, पण शेवटी. तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टी आज हाताळायला हव्यात: गळा दाबला ही एक, आणि गार्डवरच्या बातमीचं ते वाक्य ही दुसरी.

आज आधी डॉक्टरकडे जा. बारा दिवस झाले असले तरी जा. मानेतल्या रक्तवाहिन्या बंद व्हायला फार जोर लागत नाही आणि मेंदूचा रक्तपुरवठा थांबला तर साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते. बाहेर वळ नाही म्हणजे आत काही झालं नाही, असं अजिबात नाही. बऱ्याच जणींच्या मानेवर काहीच दिसत नाही. धोका असा की रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर गेली असेल तर तिथे गुठळी होऊन काही दिवसांनंतरही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. आवाज बसलाय का, गिळताना दुखतं का, मानेच्या एकाच बाजूला किंवा डोक्यात नवं दुखणं आहे का, चक्कर येते का, एक पापणी खाली आली आहे का, त्या वेळी डोळ्यांपुढे अंधार आला होता किंवा नकळत लघवी झाली होती का, हे आठवून डॉक्टरांना सांगा. बोलताना जीभ अडखळत असेल किंवा हातापायात एका बाजूने जोर कमी वाटत असेल तर थेट इमर्जन्सीत जा. मानेच्या रक्तवाहिन्यांचं सीटी अँजिओग्राफी करायला हवं का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

दवाखाना कुठला, हेही विचार करून ठरवा. मिलिटरी हॉस्पिटलमध्ये, म्हणजे एमएचमध्ये, डिपेंडंट कार्डावर (जवानाच्या कुटुंबीयांचं ओळखपत्र) उपचार मोफत होतात, पण तिथे झालेली नोंद युनिटपर्यंत लवकर पोचू शकते. युनिटला इतक्यात कळू नये असं वाटत असेल तर सरकारी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये जा. दोन्हीकडे वाक्य एकच सांगा: "पतीने या तारखेला दोन्ही हातांनी गळा दाबला." बाथरूममध्ये पडले असं एकदा केसपेपरवर लागलं की पुढे कोर्टात तोच कागद तुमच्यासमोर धरला जातो. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर, नोंद करायला सांगा आणि केसपेपरची प्रत घेऊनच बाहेर पडा.

इतकं टोकाचं का सांगतोय, याला कारण आहे. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की ज्या स्त्रीचा गळा जोडीदाराने आधी कधी दाबलेला होता, तिचा पुढे त्याच्याच हातून खून होण्याची शक्यता सातपटींहून जास्त होती. चापट आणि गळा या एकाच पट्टीवरच्या मागच्या-पुढच्या पायऱ्या नव्हेत. गळा दाबणाऱ्याने तुमचा जीव आपल्या मुठीत आहे हे तुम्हाला दाखवून दिलेलं असतं. त्याला आत्महत्येच्या बोलण्याची जोड मिळाली की धोका दोघांचाही वाढतो, कारण जगण्याची पर्वा सुटलेल्या माणसाला परिणामांची भीती उरत नाही.

म्हणून गार्डवरच्या वाक्याची गोष्टही थांबवून ठेवू नका. रायफल युनिटच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, असते, घरी नसते, पण गार्ड ड्यूटीला ती हातात येते. हे वाक्य ते नेमक्या कोणत्या शब्दांत आणि कोणत्या तारखेला बोलले ते लिहून काढा आणि ॲडज्युटंट (सीओंच्या हाताखाली युनिटचा कारभार बघणारे अधिकारी) किंवा सुभेदार मेजर साहेबांच्या कानावर घाला. मारहाणीचा विषय त्या वेळी काढलाच पाहिजे असं नाही. "पती स्वतःला संपवण्याचं बोलले आहेत, मानसोपचार तज्ज्ञांकडून तपासणी होईपर्यंत त्यांना हत्याराची ड्यूटी देऊ नये," एवढंच म्हणा. ही तक्रार धरली जात नाही. जवानाच्या जिवाचा प्रश्न आला की युनिट सहसा त्याच दिवशी हालचाल करतं. घरात परवान्याचं खाजगी हत्यार असेल तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांकडे, ते जमा करून घेण्याचा अर्ज करता येतो.

मात्र हे बोलण्याआधी एक गोष्ट पक्की करा: त्या रात्री तुम्ही आणि मुलं कुठे झोपणार? बायको बोलली म्हणून पतीला वर बोलावलं जातं, त्यांना ते कमीपणाचं वाटतं आणि संध्याकाळी ते त्याच दाराने घरी येतात. बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते. युनिट वाईट हेतूने तसं करत नाही. चार शब्द समजावून सांगितले की मिटेल, असं त्यांना मनापासून वाटतं. त्यामुळे बोलायला जाल त्याच दिवशी मुलांसह बाहेर पडा, नाहीतर तुमच्या मागण्यांत हे घाला: काही काळ पतीला बॅरेकमध्ये राहण्याचे आदेश द्यावेत. असा आदेश देणं सीओंच्या हातात असतं.

आता बाहेर पडायच्या तयारीबद्दल. तुमचा फोन त्यांच्या हातात पडतो का? पडत असेल तर व्हॉट्सॲपमधलं 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून पाहा, गूगल मॅप्सचं लोकेशन शेअरिंग पाहा. वेगळं ईमेल खातं शक्यतो दुसऱ्या कुणाच्या फोनवर उघडा आणि सगळ्या कागदांचे फोटो त्यावर टाकून ठेवा: आधार, पॅन, डिपेंडंट कार्डाच्या दोन्ही बाजू, विवाह नोंदणी दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे कागद, बँक पासबुक, तुमच्या पदवीची आणि बीएडची प्रमाणपत्रं, पतीचा आर्मी नंबर, रँक, युनिटचं नाव आणि रेकॉर्ड ऑफिसचा (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) पत्ता. हे शेवटचं बायका हमखास विसरतात आणि पुढे प्रत्येक अर्जात तेच विचारलं जातं. मूळ कागद, थोडी रोख, औषधं आणि मुलांचे दोन-दोन कपडे एका पिशवीत घालून घराबाहेर ठेवा. शेजारच्या क्वार्टरमध्ये ठेवणार असाल तर त्या घरचा माणूस तुमच्या पतीच्याच कंपनीत, म्हणजे युनिटमधल्या तुकडीत, आहे का, हे आधी बघा. असेल तर दुसरं घर शोधा.

भांडण पेटलं तर स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळा. बाहेरच्या दाराजवळच्या खोलीत या. ११२ वर फोन करताना 'मिलिटरी स्टेशन' एवढं म्हणून थांबू नका. गेटचं नाव, लाइन आणि क्वार्टर नंबर सांगा, नाहीतर सिव्हिल पोलिसांची गाडी गेटवरच विचारपूस करत राहते. बहुतेक स्मार्टफोनमध्ये पॉवर बटण झटपट तीन वेळा, काहींत पाच वेळा दाबल्यावर इमर्जन्सी कॉल लागतो. तुमच्या फोनमध्ये कसं आहे ते सेटिंगमध्ये आजच पाहा. मुलीला दोनच गोष्टी शिकवा: मध्ये पडायचं नाही, भावाला घेऊन अमुक काकूंच्या घरी जायचं. आईला वाचवायची जबाबदारी तिच्यावर टाकू नका. आणि हेही तिला एकदा स्पष्ट सांगा की घरात चाललंय त्यात तिची काहीच चूक नाही. सात वर्षांचं मूल दोष स्वतःकडे घेतं.

पुरावा जमवताना नीटनेटकेपणापेक्षा तारीख महत्त्वाची. वळाचा एक फोटो जवळून, एक चेहरा दिसेल असा लांबून, आणि तेच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा, कारण मार उशिरा काळानिळा होतो. धमकीचे मेसेज कापूनछाटून ठेवू नका. नंबर आणि वेळ दिसू दे. असा डिजिटल पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतील. तुमचं काम एवढंच की मूळ फोन विकायचा किंवा फॉरमॅट करायचा नाही.

शेजारच्या वहिनींनी घातलेली भीती निम्मी खरी आहे आणि निम्मी खोटी. तुमचा निर्णय त्यावर अडलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कायद्याचे दोन रस्ते आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पहिला, कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. यात तुम्ही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे संरक्षण मागता: मारू नये, जवळ येऊ नये, घरातून काढू नये, खर्च द्यावा, मुलांचा ताबा तात्पुरता माझ्याकडे असावा. हा अर्ज केल्याने पतीला अटक होत नाही, ते आरोपी ठरत नाहीत. संरक्षण आदेश मिळाल्यावर त्यांनी तो मोडला तर मात्र तो गुन्हा होतो: एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसरा रस्ता एफआयआरचा. पूर्वीचं ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गळा दाबण्याचा प्रकार गंभीर असेल तर खुनाच्या प्रयत्नाचं कलम १०९ सुद्धा लागू शकतं. फौजदारी खटला सुरू झाला तर बढती अडकू शकते, हे खरं आहे आणि ते तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. पण त्यांचं प्रमोशन अडकलं तर ते त्यांच्या हातामुळे अडकेल. तुमच्या तोंडामुळे नव्हे. आणखी एक गैरसमज छावणीत फार ऐकू येतो, की वर्दीतल्या माणसाला सिव्हिल पोलीस हात लावू शकत नाहीत. अटकेपासूनचं संरक्षण कर्तव्य बजावताना केलेल्या कृतींपुरतं आहे. बायकोचा गळा दाबणं त्यात बसत नाही.

तुम्हाला आमचा सल्ला असा: २००५ च्या कायद्याखालचा अर्ज नक्की करा आणि लगेच करा. एफआयआर कधी करायचा हे तुम्ही, वकिलांशी बोलून ठरवा. पण गळ्याला पुन्हा हात लागला, जिवे मारायची धमकी आली किंवा मुलांना इजा झाली, तर थांबू नका. कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून तुम्हाला परत पाठवता येत नाही.

अर्ज कुठे करायचा? कलम २७ प्रमाणे तुम्ही तात्पुरत्या जिथे राहता तिथल्या कोर्टातही चालतो. म्हणजे माहेरी आलात तर माहेरच्या तालुक्यात. महिला व बाल विकास विभागाचे संरक्षण अधिकारी तुमचा कौटुंबिक घटना अहवाल लिहून घेतात आणि अर्ज पुढे देतात, त्यांची फी नसते. वकील हवा असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत मिळतो, चौकशीचा नंबर १५१००. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि निकाल साठ दिवसांत व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात निकाल लांबतो. म्हणूनच पहिल्याच अर्जात कलम २३ खाली अंतरिम आदेश मागा, पतीची बाजू ऐकण्याआधी एकतर्फी आदेशही देता येतो. आपणहून मागितला नाही तर पहिले काही महिने नोटीस बजावण्यातच जातात. पत्ता 'मार्फत ५६ एपीओ' (सैन्याचा टपाल पत्ता) असला की नोटीस जास्तच फिरते, म्हणून युनिटचं पूर्ण नाव लिहा आणि सीओंमार्फत बजावणी मागा.

क्वार्टरबद्दल. ते पतीच्या नावावर असलं तरी तुम्ही तिथे राहता, त्यामुळे कोर्टाच्या परवानगीशिवाय पती तुम्हाला घराबाहेर काढू शकत नाहीत. पण बदली झाली की क्वार्टर परत करावं लागतं, ते कायमचं घर नव्हे. अशा वेळी निवासाच्या आदेशात त्याच दर्जाचं दुसरं घर किंवा त्याचं भाडं मागता येतं. हा मुद्दा अर्जात आवर्जून घालायला वकिलांना सांगा.

पैसा हा सगळ्यात कच्चा दुवा आहे, कारण तुमची नोकरी गेली आहे. आधी तुमच्या एकटीच्या नावाचं खातं उघडा, पगाराच्या खात्याच्या बँकेत नको. मग सैन्याच्या आतला रस्ता वापरा, जो फार कमी जणींना माहीत असतो. जवानाचा पगार दिवाणी कोर्टाला थेट जप्त करता येत नाही, असं आर्मी ॲक्ट, १९५० सांगतो. पण त्याच कायद्यात बायको-मुलांच्या निर्वाहासाठी पगारातून कपात करायची तरतूद आहे: अधिकाऱ्यांसाठी कलम ९० आणि बाकीच्यांसाठी कलम ९१. आर्मी ऑर्डर २/२००१ प्रमाणे पत्नीसाठी पगार व भत्त्यांच्या २२ टक्क्यांपर्यंत, प्रत्येक मुलासाठी ५.५ टक्के, सगळं मिळून जास्तीत जास्त ३३ टक्के अशी मर्यादा आहे. दोन मुलं धरून तुमचा हिशेब बरोबर ३३ वर येतो. यासाठी कोर्टात जावं लागत नाही. तुमचा अर्ज सीओंकडे जातो, पतीला कारणे दाखवा नोटीस मिळते, ते उत्तर देतात, शिफारशीसह फाइल वर जाते आणि मंजुरी आर्मी कमांडरच्या पातळीवर मिळते. म्हणून यात महिने जातात. तोवर कोर्टाचा अंतरिम खर्च हाच आधार. कोर्ट या टक्क्यांना बांधलेलं नसतं, त्याहून जास्तही देऊ शकतं, आणि कोर्टाने रक्कम ठरवली की दोन्हींचा मेळ घातला जातो. कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत युनिट आणि रेकॉर्ड ऑफिस दोघांनाही पाठवा. हवाई दल आणि नौदलातही स्वतःच्या कायद्याखाली अशी कपात होते, तिथल्या बहिणींनी त्या त्या कार्यालयात विचारावं.

कपातीसाठी एक गोष्ट आधी तपासा: लग्नाची आणि दोन्ही मुलांच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे सैन्याच्या कागदोपत्री अधिकृत नोंद, झाली आहे ना? झालेली नसेल तर रेकॉर्डला तुम्ही अस्तित्वातच नाही. डिपेंडंट कार्ड निघालं असेल तर बहुधा झालेली आहे. तरी धाकट्याची खात्री करून घ्या.

सीओंना अर्ज करताना हिंदी किंवा इंग्रजीत, एका पानात लिहा. दहा पानी कैफियत कोणी शेवटपर्यंत वाचत नाही. मजकूर असा ठेवा:

"मी, हवालदार (नाव, आर्मी नंबर, कंपनी) यांची पत्नी. (तारीख) रोजी रात्री (वेळ) वाजता क्वार्टर नंबर … मध्ये पतीने माझा गळा दाबला. याआधी (तारखा) रोजी मारहाण झाली. दवाखान्याचे कागद जोडले आहेत. (तारीख) रोजी पती आत्महत्येबद्दल बोलले. माझ्या मागण्या: एक, त्यांची मानसोपचार तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी आणि तोवर हत्याराची ड्यूटी देऊ नये. दोन, त्यांना काही काळ बॅरेकमध्ये राहण्याचे आदेश द्यावेत. तीन, मला व मुलांना नियमाप्रमाणे निर्वाहभत्ता मंजूर व्हावा. चार, माझ्याशी होणारं समुपदेशन पतीच्या अनुपस्थितीत व्हावं."

हातात दिलात तर प्रतीवर तारखेसह सही-शिक्का घ्या, नाहीतर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. एक प्रत रेकॉर्ड ऑफिसला. महिनाभरात उत्तर नाही आलं तर ब्रिगेड किंवा स्टेशन मुख्यालयाला स्मरणपत्र.

युनिटमधलं फॅमिली वेल्फेअर आणि आवा, म्हणजे आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन, यांची मदत होते, आधार मिळतो, कधी सीओंच्या मॅडम बोलल्याने गोष्टी झटपट हलतातही. पण तिथे मन मोकळं करताना लक्षात ठेवा की तिथल्या प्रत्येकीचा नवरा त्याच साखळीत कुठेतरी आहे. पूर्ण गुप्तता हवी असेल तर सखी वन स्टॉप सेंटरला जा. १८१ वर फोन केलात की पत्ता मिळतो, तिथे साधारण पाच दिवसांपर्यंत मुलांसह राहण्याची सोयही असते. महाराष्ट्रात परत आलात तर पोलिसांच्या आवारात चालणारे महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ही दोन ठिकाणं धरा. सैनिक कल्याण कार्यालय फक्त माजी सैनिकांसाठी असतं असं समजू नका, सेवेतल्या जवानाच्या कुटुंबाचा पत्रव्यवहारही ते युनिटशी करतात.

आणि समझोत्याच्या बैठकीबद्दल दोन गोष्टी ठामपणे सांगायच्या आहेत. ज्याने गळा दाबला त्याच्या शेजारी बसून तुम्ही खरं बोलू शकणार नाही, आणि बोललात तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजाल. म्हणून जोडप्याचं एकत्र समुपदेशन आत्ता नाकारा. दुसरं, "माझी काही तक्रार नाही" अशा कागदावर सही करू नका, कोणी कितीही मोठ्या रँकचं समोर बसलेलं असो. हमी द्यायचीच असेल तर ती पतीने लेखी द्यावी, तारखेसह, आणि प्रत तुमच्याकडे असावी.

आता तुमचा मूळ प्रश्न, त्यांचा ताण.

ताण खरा आहे, त्यावर आमचा वाद नाही. दोन वर्षं फील्डमध्ये तुटक झोप, सतत सावध राहणं, हुकूम दिला की काम झालंच पाहिजे अशी सवय. त्याच दोन वर्षांत घराचे सगळे निर्णय तुम्ही घेतलेत: शाळा, बँक, दवाखाना. ते परतल्यावर घर त्यांच्यावाचून चालताना त्यांना दिसतं आणि हुकमाची भाषा घरात चालत नाही. तुम्हीही नोकरी सोडून परक्या राज्यात आलात, तुमचाही ताण आहे, त्याचा हिशेब मात्र कोणीच मांडत नाही. फील्डहून परतल्यानंतरचे पहिले महिने बहुतेक घरांत खडखडाटाचे जातात. ड्यूटीवरून आल्यावर अर्धा तास कोणी काही विचारायचं नाही, पैशांचं बोलणं ठरलेल्या दिवशी आणि दारू न घेतलेल्या वेळी, घरातली दोन-तीन कामं पूर्ण त्यांच्याकडे सोपवायची आणि त्यात दुरुस्त्या काढायच्या नाहीत, अशा गोष्टींनी चिडचिड खरंच कमी होते.

पण चिडचिडीवर लागू पडणारा हा उपाय मारहाणीवर लागू पडत नाही. स्वतःला विचारा: इन्स्पेक्शनला बोलणी खाल्ल्यावर त्यांनी कधी सुभेदार साहेबांवर हात उचलला का? दाराची बेल वाजली की ते थांबतात का? फोडतात त्या वस्तू तुमच्या असतात की त्यांच्याही? उत्तरं तुम्हाला माहीत आहेत. जो माणूस बेल वाजताच थांबू शकतो, त्याचा ताबा सुटलेला नसतो. घरात हात उचलला तर चालून जातं हे त्याला माहीत असतं, म्हणून तो उचलतो. तुम्ही त्यांच्याभोवती कितीही जपून वावरलात तरी हे बदलणार नाही. उलट जपून वावरण्याचा घेर वाढत जातो आणि पुढच्या वेळी मीठ कमी पडल्याचं कारणही पुरतं.

एक अपवाद वेगळा ओळखा. झोपेत दचकून हातपाय झाडणं, जागं होताना समोर कोण आहे हे न कळणं, नंतर खरोखर गोंधळून जाणं, हे आघाताचं लक्षण असू शकतं आणि त्यात ठरवून केलेलं काही नसतं. अशा वेळी हाताने हलवून उठवू नका, पलंगापासून लांब उभं राहून नाव घेऊन हाक मारा. पण जागेपणी पैशांवरून वाद घालून दाबलेला गळा या प्रकारात येत नाही. काही जणांमध्ये दोन्ही असतं. तेव्हा दोन्हींवर वेगळा इलाज लागतो, आणि आघातावर गोळ्या सुरू झाल्या म्हणून हिंसा थांबली असं धरून चालू नये. दारूचंही तसंच: दारू मार वाढवते, सुटली तर बरंच, पण नुसती दारू सुटल्याने हात आपोआप थांबत नाही.

पतीला मदत घ्यायची असेल तर एमएचमधल्या मानसोपचार विभागाशिवाय टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी त्याचा खास कक्ष पुण्याच्या एएफएमसीत (सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय) १ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला आहे. कॅटेगरी लागेल, म्हणजे वैद्यकीय दर्जा खाली येईल, या भीतीने जवान टाळाटाळ करतात. ती भीती समजण्यासारखी आहे, पण कॅटेगरी कायमची असतेच असं नाही, तात्पुरती लागून परत वरही जाते. ही वाट त्यांनी स्वतःच्या पायाने चालायची आहे. अपॉइंटमेंट घेणं, आठवण करणं, गोळ्या मोजणं हे काम तुमच्या अंगावर घेऊ नका.

पुन्हा एकत्र राहायचं की नाही, हे आज ठरवायची गरज नाही. निदान पहिले काही महिने वेगळं राहूनच त्यांचं वागणं बघा. माफीच्या शब्दांपेक्षा हे तपासा: मी गळा दाबला असं ते त्यांच्या आईसमोर, तुमच्या भावासमोर स्वतःहून बोलतात का, की 'तिने चिडवलं' जोडूनच बोलतात? खर्चाचे पैसे न मागता महिन्याच्या महिन्याला येतात का? तुम्ही नाही म्हणालात, भेट पुढे ढकललीत, तर ते ऐकून घेतात की पुन्हा धमकीवर येतात? आणि या काळात फार सावध राहा, कारण बाई घर सोडते तेव्हाचे आणि त्यानंतरचे आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. मुलांना भेटवायचं असेल तर संरक्षण अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा कोर्टाने ठरवून दिलेल्या जागी, दिवसा, दुसरं मोठं माणूस बरोबर घेऊन भेटवा. माहेरी राहत असाल तर त्यांची दोन महिन्यांची वार्षिक रजा कधी लागते, याची तारीख युनिटकडून विचारून ठेवा आणि अंतरिम आदेश त्याआधी हातात पडेल, असं वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा.

मुलीच्या शाळेचा दाखला निघायला वेळ लागेल. तोवर माहेरच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. तिथेच तुमच्या जागेचीही चौकशी करा, बीएड झालेल्या शिक्षिकेची गरज त्यांनाही असू शकते.